धान्याच्या व्हिस्कीचा पहिला घाणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगल माल्टची बाटली हातात घेतली की ‘हे घरी जमेल का’ हा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. याचं उत्तर दोन तुकड्यांत द्यावं लागतं. धान्याला मोड आणणं, ते वाळवणं, भरडणं आणि गरम पाण्यात त्यातल्या पिठूळ भागाची साखर करणं, एवढं काम मुंबईतल्या छोट्या स्वयंपाकघरातही नीट होतं. तोवर दारूचा एक थेंबही तयार झालेला नसतो. यीस्ट पडल्यापासूनचं पुढचं सगळं परवाना असलेल्या डिस्टिलरीचं काम आहे. म्हणून पहिल्या अर्ध्या भागाची उत्तरं इथे भांडं समोर घेऊन करता येतील इतक्या तपशिलात दिली आहेत, आणि दुसऱ्या अर्ध्या भागाची समजण्यापुरती. व्हिस्कीचं निम्मं कसब पहिल्याच भागात असतं आणि नवख्या माणसाचं लक्ष नेमकं तिथेच कमी जातं.

‘निव्वळ धान्याची’ व्हिस्की म्हणजे नक्की काय?

जिच्यातली सगळी साखर धान्यातूनच काढलेली असते ती. गूळ, मळी किंवा वरून घातलेली साखर तिच्यात नसते. धान्यात साखर जवळजवळ नसतेच, स्टार्च असतो, आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही. त्याची साखर करण्याचं काम मोड आलेल्या धान्यातली विकरं (एन्झाइम) करतात. सिंगल माल्टमध्ये फक्त मोड आणलेला जव असतो, तर अमेरिकन बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका असावा लागतो. आपल्याकडे व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त बाटल्यांत मळीपासून काढलेलं स्पिरिट असतं. चवीतला फरक तिथून सुरू होतो.

मुंबईत घरी, स्वतःपुरती दारू गाळली तर चालते का?

नाही. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ (आजचा महाराष्ट्र दारूबंदी कायदा) विनापरवाना दारू तयार करायला मनाई करतो. ‘विकत नाही, घरातच पितो’ ही सबब त्यात चालत नाही. कलम ६५ खाली दारू गाळण्याच्या उद्देशाने सामान, भांडी किंवा भट्टी जवळ ठेवणं हाही गुन्हा आहे. पोलिसांच्या बातम्यांत ‘रसायन नष्ट केले’ असं वाचायला मिळतं. ते रसायन म्हणजे आंबवलेला घोळ. तो अजून भट्टीवर चढलेला नसला तरी कारवाई होते. परवाने राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो, आणि हौशी माणसासाठी घरगुती भट्टीचा परवाना असा प्रकार नाही.

न्यूझीलंडमध्ये स्वतःपुरती दारू घरी गाळायला परवानगी आहे. इंग्रजी पुस्तकं आणि व्हिडिओ बघताना हे ध्यानात ठेवा, कारण त्यातली बरीच माहिती तिथल्यासारख्या कायद्याच्या जोरावर दिलेली असते.

मग घरी करण्यासारखं काय उरतं?

बरंच. जवाचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) करायचा, त्याचा मॅश लावायचा (भरडून गरम पाण्यात साखर होऊ द्यायची), गोड रस (डिस्टिलरीत त्याला वर्ट म्हणतात) गाळायचा, मोजायचा, आणि त्याच दिवशी उकळून आटवून माल्टचा पाक करायचा. काकवीसारखा दिसणारा हा पाक दुधात, लापशीत, पावात वापरता येतो. नाचणीचं सत्त्व घरात होत असेल तर यातलं अर्धं तुम्हाला आधीच येतं. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून केलेली बाळाची पेज पातळ आणि गोडसर होते, ती याच विकरांमुळे.

जव कोणता घ्यायचा आणि कुठे मिळेल?

सालासकट असलेला अख्खा जव. किराणा दुकानात सूपसाठी मिळणारी पर्ल बार्ली पॉलिश केलेली असते. तिचा अंकुर घासून गेलेला असतो, त्यामुळे तिला मोड येतच नाहीत. बियाण्याच्या दुकानातला गुलाबी किंवा हिरवा रंग चढवलेला जव अजिबात नको, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. दादरला पूजासाहित्याच्या दुकानांत थोडा जव मिळतो, किलोंनी हवा असेल तर मशीद बंदर किंवा वाशीचा धान्यबाजार.

किलोभर घेण्याआधी मूठभर आणा. शंभर दाणे मोजून ओल्या कापडात गुंडाळून ठेवा. तीन दिवसांत ९५ किंवा जास्त दाण्यांना मोड आले तर तो जव घ्या. ८५ च्या खाली आले तर दुसरं दुकान बघा. न उगवलेला दाणा नुसता वाया जात नाही, ओलसर ढिगात बुरशी पहिल्यांदा त्यालाच धरते.

मोड आणताना मटकीसारखंच करायचं का?

सुरुवात तशीच, पण सलग रात्रभर भिजवायचं नाही. पाण्याखाली दाणा गुदमरतो. एक किलो जव धुवून आठ तास भिजवा, पाणी काढून आठ तास उघडा ठेवा, पुन्हा ताज्या पाण्यात आठ तास. गरज पडली तर आणखी एक फेरी करा. पुरेसा भिजला की नाही हे वजन सांगतं. दाण्यात ४३ ते ४५ टक्के पाणी हवं, म्हणजे किलोभर कोरडा जव पाणी निथळल्यावर १,५५० ते १,६०० ग्रॅम भरायला हवा. १,४५० वर थांबलात तर मोड अर्धवट राहतील.

मग परातीत किंवा ट्रेमध्ये तीन-चार सेंटिमीटर जाडीचा थर पसरा आणि वर ओलं कापड टाका. दर सहा ते आठ तासांनी हाताने वरखाली करा. मोड येताना दाणे श्वास घेतात आणि ढीग आतून तापतो. हात घातल्यावर मधला भाग कडेपेक्षा गरम लागला तर थर पातळ करा.

मुंबईची खरी अडचण हवेची आहे. जवाला १५ ते १८ अंश आवडतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा इथला चांगला काळ, तेव्हा चार-पाच दिवस लागतात. एप्रिल-मेमध्ये काम तीन दिवसांत उरकतं, पण दाणे एकसारखे फुटत नाहीत. पावसाळ्यात हा खटाटोप करू नका. जुलैच्या हवेत ओला जव वाळण्याआधीच बुरसतो. करड्या-हिरव्या लवेचा एक ठिपका जरी दिसला किंवा कुबट वास आला तर सगळा घाणा फेकून द्या. बुरशीचं विष धुऊन जात नाही आणि उकळूनही जात नाही.

मोड किती लांब झाले की थांबायचं?

बाहेर दिसणाऱ्या पांढऱ्या मुळांकडे बघून ठरवू नका. मोजायचा तो कोंब, आणि तो सालाखाली पाठीच्या बाजूने वाढत असतो. दहा-बारा दाणे घ्या, ब्लेडने पाठीवरची साल चिरा. फिकट हिरवट-पांढरी काडी दाण्याच्या लांबीच्या तीन चतुर्थांशापर्यंत आली असेल तर वेळ झाली. सालाबाहेर डोकावू लागली तर उशीर झाला, कारण तुम्हाला हवी असलेली साखर कोंबाने खाल्ली. आणखी एक खूण: दाणा अंगठा आणि तर्जनीत दाबून चोळा. आत काचेसारखा कडक कण लागला तर अजून एक दिवस थांबा. खडूच्या भुकटीसारखी पांढरी रेघ बोटावर उमटली तर आतला स्टार्च मोकळा झाला आहे.

वाळवताना विकरं मरतात म्हणे. मग किती तापवायचं?

विकरं उष्णतेने मरतात, पण ओल्या दाण्यात फार लवकर आणि कोरड्या दाण्यात फार उशिरा. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी एक दिवस पंख्याखाली पातळ पसरून ठेवा. मग ओव्हनमध्ये, दार किंचित उघडं ठेवून, ४५ ते ५० अंशांवर बारा ते वीस तास. दाणा दाताखाली कट्कन फुटू लागला की शेवटचे तीन तास ८० अंशांवर. बिस्किटासारखा वास याच टप्प्यात येतो. पहिल्या तासातच ८० ला नेलात तर दाणा आतल्या आत शिजतो आणि मॅशमध्ये काहीच घडत नाही. पहिला घाणा बहुतेक इथेच फसतो.

वाळलेला माल्ट गोणपाटात घालून चोळा. मुळं गळतात, ती चाळून टाका, कडवट असतात. एक किलो जवाचा शेवटी ८४० ते ८७० ग्रॅम माल्ट उरतो. ९५० भरला तर ओल राहिली आहे. हवाबंद डब्यात भरा. उघडा ठेवलेला माल्ट मुंबईच्या हवेत आठवड्याभरात लवचीक होतो आणि मग भरडला जात नाही.

पीठ करायचं की भरडा?

भरडा. प्रत्येक दाण्याचे तीन-चार तुकडे व्हावेत, साल मात्र शक्य तितकी अख्खी राहावी. रस गाळताना हीच साल गाळणीचं काम करते. घरघंटीला सगळ्यात जाड जाळी लावा. मिक्सरमध्ये करत असाल तर एकेक सेकंदाचे झटके द्या आणि मूठ-मूठच घाला. पीठ झालं तर साखर थोडी जास्त निघेल, पण खाली लापशीचा गोळा बसेल आणि रस बाहेर येणार नाही.

महापालिकेचं पाणी चालतं का?

चालतं. भातसा, तानसा, वैतरणा या तलावांचं पाणी पावसाचं, फारसे क्षार नसलेलं असतं आणि मॅशसाठी चांगलं. फक्त क्लोरीन घालवा: दहा मिनिटं उघडं उकळून निववून घ्या. क्लोरीन राहिलं तर पाकाला औषधासारखा वास येतो. टँकर किंवा बोअरवेलचं जड पाणी असेल तर वापरू नका, त्याने मॅशचा सामू (पीएच) वर जातो आणि साल तुरटपणा सोडते.

मॅशचं नेमकं माप काय?

एक किलो भरडलेला माल्ट आणि तीन लिटर पाणी. भांडं आठ लिटरचं, स्टीलचं, जाड बुडाचं. कल्हई उडालेलं पितळी पातेलं नको, मॅश किंचित आंबट असतो. मिश्रण ६५ अंशांवर बसायला हवं, आणि दाणा पाण्यातली उष्णता शोषतो, म्हणून पाणी आधी जास्त तापवावं लागतं. किती, याचा हिशेब असा: हवं असलेलं तापमान वजा धान्याचं तापमान, गुणिले ०.४१, भागिले किलोमागे पाण्याचे लिटर, आणि त्यात हवं असलेलं तापमान मिळवा. मुंबईत धान्य ३० अंशांवर असतं. म्हणजे ३५ गुणिले ०.४१ भागिले ३, सुमारे ४.८. पाणी ७० अंशांवर घ्या. थंड देशांतल्या पुस्तकांत ७२ किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असतं. ते तसंच उचललं तर इथे मॅश ६७-६८ ला जाऊन बसतो.

पाण्यात धान्य हळूहळू सोडा आणि ढवळत राहा, रव्याच्या शिऱ्यासारख्या गुठळ्या होतात. गुठळीच्या आतलं पीठ कोरडंच राहतं. पाच मिनिटांनी भांड्यात तीन ठिकाणी थर्मामीटर बुडवून बघा. तापमान ६२ असेल तर पाव लिटर उकळतं पाणी घाला, अडीच अंश चढतील. ६८ असेल तर पाव लिटर साधं पाणी, तितकेच उतरतील. मग झाकण लावून भांडं गोधडीत गुंडाळा. एवढा मॅश भरलेलं भांडं उघडं ठेवलं तर तासाभरात भराभर निवतं, गोधडीत फारच कमी. साठ ते नव्वद मिनिटं, दर वीस मिनिटांनी एकदा ढवळून.

६५ अंशच का? दोन-तीन अंशांनी काय बिघडतं?

माल्टमध्ये दोन विकरं काम करतात. स्टार्च म्हणजे साखरेच्या मण्यांची लांबलचक माळ समजा. अल्फा-अमायलेज ती माळ मध्येच कुठेही तोडतं. बीटा-अमायलेज टोकापासून दोन-दोन मणी काढतं, आणि हे दोन मणी म्हणजेच माल्टोज, यीस्टचं आवडतं खाद्य. अल्फाला ७० च्या आसपासची उष्णता मानवते. बीटा नाजूक असतं, ६० ते ६५ मध्ये जोमात चालतं आणि त्याच्या वर गेलं की भराभर मरतं. दुसरीकडे जवाचा स्टार्च ६० ते ६५ अंशांवर फुलतो, आणि तो फुलल्याशिवाय विकरांना त्यात शिरता येत नाही. या सगळ्या अटी एकत्र जमतात ती जागा म्हणजे ६३ ते ६६.

७० वर मॅश लावला तर आयोडीनची चाचणी (स्टार्च उरला का ते दाखवणारी, पुढे दिली आहे) झटकन पास होते, रस गोड लागतो, पण त्यातल्या लांब तुकड्यांना यीस्ट हात लावत नाही. पाकासाठी ते चालून जातं, पाक जरा दाट होतो. डिस्टिलरीत मात्र तेवढी दारू कमी निघते. ७८-८० ओलांडलं तर सगळंच थांबतं आणि पुन्हा निववून काही उपयोग होत नाही.

मका, तांदूळ, ज्वारी, नाचणी वापरता येतील का?

मका आणि तांदूळ येतात, पण थेट नाही. त्यांचा स्टार्च फुलायला ७० च्या पुढची उष्णता लागते आणि तिथे माल्टची विकरं टिकत नाहीत. म्हणून आधी शिजवायचं, ६५ पर्यंत निववायचं, मग जवाचा माल्ट घालायचा, एकूण धान्याच्या पंचवीस ते तीस टक्के.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर २०० ग्रॅम तांदळाची चमचा उभा राहील इतकी घट्ट पेज करा. ती ६५ अंशांवर आली की ५० ग्रॅम माल्टची भुकटी ढवळून झाकून ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत पेज पाण्यासारखी पातळ होते आणि चाखली तर गोड लागते. मॅशिंग म्हणजे काय हे समजायला यापेक्षा सोपा मार्ग नाही, पहिल्याच दिवशी हे करून बघा.

नाचणीचा माल्ट घरी छान होतो, पण दाणा बारीक आणि साल नसल्यासारखी, त्यामुळे रस गाळणं अवघड जातं. ज्वारीच्या बाबतीत सावध राहा. तिच्या कोवळ्या कोंबात आणि मुळांत धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्यातून सायनाइड सुटतं. पहिल्या प्रयत्नात मोड आलेली ज्वारी घेऊच नका.

आयोडीनची चाचणी कशी करायची?

चमचाभर स्वच्छ रस पांढऱ्या बशीत निववा, त्यात औषधाच्या दुकानातल्या आयोडीनचा एक थेंब टाका. निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी वीस मिनिटं थांबा. आयोडीनचा तपकिरी रंग तसाच राहिला तर काम झालं. सालाचा तुकडा आला की तो काळा पडणारच, त्यावरून निष्कर्ष काढू नका. बशीतला रस फेकून द्या, पुन्हा भांड्यात ओतू नका.

दीड तासानंतरही निळाच राहिला तर कारणं दोनच: माल्ट ओला असताना तापवला, किंवा थर्मामीटर खोटं बोलतोय. थर्मामीटर उकळत्या पाण्यात तपासा, मुंबईत समुद्रसपाटीला तो १०० दाखवायला हवा.

रस गाळताना सगळं तुंबलं. आता?

कापडातून गाळत असाल तर तेच कारण. मोठ्या छिद्रांची चाळण घ्या, मॅश तिच्यात हलकेच ओता आणि दहा मिनिटं हात लावू नका. सालीचा थर बसू द्या. पहिला गढूळ लिटर परत वरून सोडा, तीन-चार वेळा. पुढचा रस निवळशंख येतो. पिळायचं नाही, दाबायचं नाही. मग ७५ अंशांचं दोन लिटर पाणी थोडं थोडं वरून फिरवा. याहून गरम पाण्याने तुरटपणा चढतो. चोथ्यात साधारण एक लिटर अडकून राहतं, म्हणजे हातात चार लिटर रस यायला हवा. तरीही तुंबलं तर उलथन्याने थर अलगद मोकळा करा आणि पुन्हा बसू द्या. उरलेला चोथा थालीपिठात थोडा घालता येतो, बाकीचा झाडांच्या खतात.

साखर किती निघाली हे कसं कळेल?

हायड्रोमीटरने, म्हणजे रस पाण्यापेक्षा (१.०००) किती दाट आहे ते दाखवणाऱ्या तरंगत्या नळीने. प्रिन्सेस स्ट्रीटच्या प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानांत मिळतो. बाजारच्या माल्टचा, एक किलोपासून चार लिटर रस काढला तर १.०५० ते १.०५६ वाचन यावं. घरी केलेल्या माल्टचं १.०४० आलं तरी पहिल्या घाण्याला चांगलं म्हणायचं. हायड्रोमीटर २० अंशांसाठी बनवलेला असतो. मुंबईच्या खोलीत ३० अंशांवर तो दोन-तीन पॉइंट कमी दाखवतो, म्हणजे १.०४० वाचलं तर १.०४२-४३ धरा. गरम रसात बुडवून घेतलेलं वाचन निरुपयोगी.

रस रात्रभर राहिला आणि त्यावर फेस आला. फेकायचा का?

हो. धान्यावर जंगली यीस्ट आणि आंबवणारे जिवाणू असतातच, आणि ३० अंशांच्या स्वयंपाकघरात त्यांना बारा तास पुरतात. तो आंबायला लागला आहे, आणि मद्य तयार होणं म्हणजे वर सांगितलेल्या कायद्याच्या हद्दीत जाणं. गाळला की लगेच उकळायला ठेवा. रस म्हणून ठेवायचा असेल तर उकळून, निववून फ्रिजमध्ये, तीन दिवसांत संपवा. पाकासाठी पसरट कढईत दीड-दोन तास आटवा. शेवटची पंधरा मिनिटं आच अगदी मंद आणि हात सतत चालू, कारण माल्टोज करपला की कडूपणा काढता येत नाही. चार लिटरांचा सुमारे ५५० ते ६०० ग्रॅम पाक होतो.

डिस्टिलरीत या रसाचं पुढे काय होतं?

रस न उकळता, विसेक अंशांपर्यंत निववून त्यात यीस्ट घालतात. दोन ते चार दिवसांत सुमारे ८ टक्के मद्याचा वॉश (आंबलेला रस) होतो. जास्त दिवस ठेवला तर फळांसारखे वास वाढतात. तो तांब्याच्या पहिल्या भट्टीतून गेला की वीस-पंचवीस टक्क्यांवर येतो, दुसऱ्या भट्टीतून गेला की सत्तरीच्या आसपास. भट्टी तांब्याचीच का, तर आंबताना तयार झालेली गंधकाची दुर्गंधी तांबं धरून ठेवतं. स्टीलच्या भट्टीतल्या स्पिरिटला उकडलेल्या कोबीसारखा वास राहतो. स्कॉटलंडच्या डिस्टिलऱ्या एक टन माल्टमागे चारशे लिटरच्या आसपास शुद्ध अल्कोहोल काढतात. म्हणजे तुमच्या एक किलोमागे ४० टक्क्यांची जेमतेम एक लिटर.

‘पहिल्या धारेची’ सगळ्यात चांगली, हे खरं का?

बोलण्यात ती कौतुकाची आहे. व्हिस्की करणारा मात्र दुसऱ्या भट्टीची पहिली धार बाजूला काढतो. तिच्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड, इथाइल अ‍ॅसिटेट असे हलके पदार्थ असतात, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. मग मधला भाग येतो, साधारण ७२ टक्क्यांपासून साठीच्या सुरुवातीपर्यंत, आणि मुरवायच्या लाकडी पिंपात फक्त तोच जातो. शेवटची धार ओल्या पुठ्ठ्यासारखी, तेलकट लागते. पहिली आणि शेवटची पुढच्या घाण्यात मिसळून पुन्हा गाळतात. कधी धार बदलायची हे ठरवणं हे डिस्टिलरचं सगळ्यात मोठं कसब मानलं जातं.

पहिली धार टाकली की मिथेनॉलचा धोका जातो ना?

हा समज चुकीचा आणि घातक आहे. मिथेनॉल मुख्यतः फळांतल्या पेक्टिनमधून येतं. निव्वळ धान्याच्या वॉशमध्ये ते अगदी नगण्य असतं, आणि जे असतं ते फक्त पहिल्या धारेत न येता पूर्ण गाळपभर थोडं थोडं येतं. विक्रोळीत २००४ साली ८७ जण आणि मालाडच्या मालवणीत २०१५ साली शंभराहून अधिक जण गेले, ते दारूत कारखान्यातलं मिथेनॉल मिसळल्यामुळे. आधीच मिसळलेलं विष धार टाकून निघत नाही. वास, चव, ज्योतीचा रंग, यांपैकी कशानेही ते खात्रीने ओळखता येत नाही. अशी दारू प्यायल्यावर काही तासांनी धूसर दिसू लागलं, पोटात दुखलं, श्वास जोरात चालू लागला, तर क्षणभरही न थांबता मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात न्या आणि काय प्यायलं ते स्पष्ट सांगा. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो.

प्रेशर कुकरला नळी लावून करतात ते?

कायदा बाजूला ठेवला तरी नको. वॉशमधला चोथा नळीत अडकला की कुकर फुटतो. गळती झाली तर वाफ शेगडीच्या ज्योतीकडे जाते. ४० टक्के दारूची वाफ २६ अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते, आणि मुंबईतली बंद खोली वर्षातले बहुतेक महिने त्याहून गरम असते. चाळीत किंवा टॉवरमध्ये ही आग एका घरापुरती राहत नाही.

मुंबईच्या हवेत पिंप ठेवलं तर व्हिस्की लवकर मुरेल का?

लाकडाचा रंग आणि चव उष्णतेत लवकर उतरतात, हे खरं. स्कॉटलंडमध्ये किमान तीन वर्षांची अट आहे आणि वर्षाला साधारण दोन टक्के उडून जातं. बेंगळुरूला अमृत या व्हिस्की कंपनीच्या गोदामात हे प्रमाण दहा-बारा टक्क्यांपर्यंत जातं. म्हणून भारतीय सिंगल माल्ट तरुण वयातच बाटलीत येतात. अमृतने २००४ मध्ये आपला सिंगल माल्ट प्रथम ग्लासगोत विकायला आणला, तेव्हा बाटलीवरच्या बारा वर्षांच्या आकड्याची सवय असलेल्यांना हे नवं होतं. मुंबईसारख्या दमट हवेत आणखी एक गोष्ट घडते: पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त उडतं, म्हणून पिंपातल्या दारूची तीव्रता वर्षागणिक उतरत जाते. कोरड्या हवेत उलट, ती चढते.

सगळी प्रक्रिया प्रत्यक्ष कुठे बघता येईल?

मुंबईहून सगळ्यात सोयीचं ठिकाण गोव्यातलं. पॉल जॉन या सिंगल माल्टची डिस्टिलरी कुंकळ्ळीला आहे आणि पाहुण्यांना आतून दाखवतात. कोकणकन्येने मडगावला उतरलात की तिथून ती जवळच. आधी वेळ ठरवून जा. तिथे सहा रांगांच्या कणसाचा भारतीय जव वापरतात. हा दाणा युरोपातल्या दोन रांगांच्या जवापेक्षा लहान, सालीने जाड आणि प्रथिनांनी भारी, म्हणजे तुमच्या परातीत मोड आलेल्या जवाचाच भाऊबंद. मॅश टनजवळ (मॅश लावायच्या मोठ्या भांड्याजवळ) थांबून तापमान विचारा आणि स्वतःच्या वहीतल्या आकड्याशी ताडून बघा. परतताना गोव्यातली बाटली सामानात टाकू नका, परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे.